एका ठोक्याला सेव्ह

आमच्या घराण्यात ताल नाही. आमचे आजोबा टाळी वाजवायचे तेव्हा त्यांचे दोन हात वेगवेगळ्या वेळी पोचायचे. माझी धाकटी बहीण पाळणा हलवायला बसली की पोर झोपायच्याऐवजी उठून बसायचं आणि आईकडे संशयाने बघायचं. ते पोर म्हणजे माझा भाचा. पुढे तो इंजिनिअर झाला आणि नकाशे काढणाऱ्या एका मोठ्या कचेरीत कॉम्प्युटरचं जाळं सांभाळू लागला. पण त्याच्याबरोबर रस्त्याने चालणं आजही अवघड आहे. पाय जुळतच नाहीत.

एका सकाळी बहिणीचा फोन आला.

"दादा, तू टेलिफोन एक्स्चेंजात जन्म घालवलास. जरा पोराच्या ऑफिसात जाऊन ये. नोकरी जायची वेळ आलीय त्याची."

"अगं, मी काय करणार? माझं सगळं शिक्षण तारांचं."

"तिथेही ताराच आहेत म्हणे."

तारा म्हटल्यावर मी गेलो.

उंच छताचा लांबच लांब हॉल, रांगेने टेबलं, प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटर आणि त्यापुढे घरं, पूल, दवाखाने काढणारी माणसं. कोपऱ्यात काचेची खोली, खोलीत लोखंडी कपाट आणि कपाटात स्विच नावाचा एक डबा. सगळ्या टेबलांच्या तारा त्याच्यात येत होत्या आणि नकाशे साठवणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरकडे, म्हणजे सर्व्हरकडे, एकच तार जात होती. भाचा त्याच्यासमोर स्टूल टाकून बसला होता. दाढी वाढलेली.

"मामा, हा पॅकेट्स टाकतोय."

"म्हणजे?"

"नकाशा पाठवताना त्याचे बारीक बारीक तुकडे होतात. ती पॅकेट्स. स्विचने ती घ्यायची आणि पुढे द्यायची. हा काही घेतो आणि काही सोडून देतो. मग कॉम्प्युटर तीच परत पाठवतो, तीही गळतात, शेवटी तो कंटाळून नाद सोडतो. माणसाला वाटतं सेव्ह झालं. सर्व्हरवर मात्र जुनाच नकाशा."

"बरं, मग?"

"मग एका बंगल्याचा जिना गेला."

बंगला तसाच बांधून झाला होता. मालकाने तक्रार केली नाही, कारण त्याच्या सासूबाई वरच्या मजल्यावर राहायला येणार होत्या. पण सगळीच गिऱ्हाइकं इतकी समजूतदार नसतात.

भाच्याने तारा बदलल्या होत्या. स्विच बदलून मोठा आणला होता. तोही टाकू लागला. स्क्रीनवरचा आलेख दाखवून तो म्हणाला, "बघा ना, कामाचा भार काहीच नाही. दिवसभर नुसता लोळतोय. तरी पॅकेट्स पडतात."

"हा आलेख क्षणाक्षणाचा आहे?"

"नाही. पाच-पाच मिनिटांची सरासरी."

मी काही बोलणार तेवढ्यात हॉलमध्ये सन्नाटा पसरला. एक ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ चौरंगावर चढून उभे राहिले. हातात बारीक काठी. सव्वाशे माणसांनी एक-एक बोट उचलून हवेत धरलं. काठी खाली आली. टक्.

आवाज एकच झाला. माझ्या अंगावर काटा आला. त्याच क्षणी स्विचचे सगळे दिवे एकदम भडकले आणि भाच्याच्या स्क्रीनवर गळलेल्या पॅकेट्सचा आकडा रिकाम्या बादलीत नळ सोडल्यासारखा चढला.

"हे कोण?"

"आमचे साहेब. पूर्वी बँडमास्तर होते. सासऱ्यांनी कचेरी हातात दिली."

मास्तरांचा नियम होता की दर तासाला सगळ्यांनी एकाच ठोक्याला सेव्ह करायचं. अधेमधे कोणी केलं तर ते त्यांच्या मते दुसऱ्याच्या गाण्यात शिंकल्यासारखं. बिचाऱ्यांनी वर्षानुवर्षं तालीम करून इतकी सफाई आणली होती की सव्वाशे बोटांचा आवाज एकच यायचा. पूर्वी लोक जरा मागेपुढे असायचे तेव्हा नकाशे नीट पोचत. सगळे पक्के झाले आणि जिने गळायला लागले.

"एक्स्चेंजात असंच व्हायचं," मी म्हटलं. "सामन्याचं मध्यंतर झालं की अख्खं गाव एकदम फोन उचलायचं. दिवसभर आम्ही माशा मारत बसलेले आणि त्या क्षणी सगळ्या लाईनी ठप्प. स्विचच्या ओटीत मावतं तेवढंच तो धरणार. बाकीचं सांडणार."

भाचा उठला. त्याने क्षणाक्षणाची मोजणी लावली, पुढच्या ठोक्याची वाट पाहिली, आणि आलेखावर सुळका उभा राहिला. सरासरीत तो विरघळून जात होता, एवढंच. पोरगा तडक मास्तरांच्या केबिनमध्ये गेला. मागोमाग मी.

मास्तरांनी सुळका बराच वेळ कौतुकाने पाहिला.

"इतके एकत्र आहोत आम्ही?"

"हो सर. तेच तर दुखणं आहे. एका रांगेने आधी सेव्ह केलं, दुसरीने थोडं थांबून..."

"म्हणजे रांगा पुढेमागे? माझ्या हॉलमध्ये?" मास्तरांच्या मिशा थरथरल्या. "पाहुणे, तुम्हीच सांगा. पलटण कवायत करताना पूल हलायला लागला, तर पलटणीने लंगडायचं का?"

"पुलावर असेल तर लंगडलेलं बरं," मी म्हटलं.

ते त्यांना आवडलं नाही. "शनिवारी मालकीणबाई येताहेत," ते भाच्याला म्हणाले. "त्यांच्या देखत आम्ही नव्या दवाखान्याचे सगळे नकाशे एका ठोक्याला सेव्ह करणार. त्यातला एक जरी गळला, तर सोमवारी तुम्ही येऊ नका. यंत्राने माणसांकडून शिकावं."

मालकीणबाई म्हणजे मास्तरांच्या सासूबाई. बाहेर आल्यावर पहिल्या टेबलावरच्या ड्राफ्ट्समन बाई हळूच म्हणाल्या, "आम्ही मुद्दाम चुकायचा प्रयत्न केला हो. होतच नाही आता. घरी कुकरच्या शिट्टीलासुद्धा माझं बोट उठतं."

भाचा जिन्यात डोकं धरून बसला. ("हा आहे, तोवर बसून घेतो," म्हणाला.) त्याच्याकडे बघता बघता माझ्या मनात एक विचार आला. तो मी त्याला सांगितला नाही. सांगितला असता तर त्याने सराव केला असता.

शनिवारी मीही कोट घालून हजर झालो. मालकीणबाई आल्या. हातात काठी, पण आधाराची. मी त्यांना नमस्कार केला आणि नुसतं एवढंच म्हटलं, "सर्व्हरवर एकेक नकाशा कसा उतरतो ते मास्तरांनी स्वतः शेजारी उभं राहून समजावलं पाहिजे. त्यांच्यासारखं कोणाला जमत नाही."

"मग समजावा की जावईबापू," मालकीणबाई म्हणाल्या. "चौरंगावर काय उभे?"

मास्तर पेचात पडले. सासूला नाही म्हणणं शक्य नव्हतं. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. सगळ्यांचे हात कीबोर्डवर. कचेरीतला रिकाम्या हातांचा माणूस एकच होता.

"तुम्ही धरा काठी," मास्तर भाच्याला म्हणाले. "सोपं आहे. एक, दोन, तीन, आणि खाली."

भाचा चौरंगावर चढला. एक झालं. दोन जरा लवकर झालं. तीन येता येता थबकलं, मग काठी खाली आली, अर्ध्यात थांबली, तो शिंकणार की काय असं सगळ्यांना वाटलं, आणि ती परत वर गेली. सव्वाशे बोटांना काय करावं कळेना. डावीकडे टक् झालं. मग खिडकीपाशी टक्-टक्. मागच्या रांगेने वाट पाहिली आणि मग एकेक करून, छपरावर गारांचा शेवट व्हावा तसं टक्... टक्. पहिल्या टेबलावरच्या बाईंनी डोळे मिटून सगळ्यांत शेवटी दाबलं. एवढी शांतता मी कधी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही.

मास्तरांनी कानांवर हात ठेवले होते. स्विचचे दिवे आळीपाळीने लुकलुकत होते. गळलेल्या पॅकेट्सचा आकडा तिथल्या तिथे बसून राहिला.

मालकीणबाईंनी दवाखान्याचे नकाशे एकेक करून पाहिले. सगळे जिने जागेवर होते.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "यापुढे काठी ह्याच मुलाकडे. तुमचा हात दुखत असेल, जावईबापू."

"दुखत नाही."

"दुखत असेल."

तेव्हापासून भाच्याची नोकरी दगडासारखी पक्की आहे. दर तासाला तो चौरंगावर चढतो आणि मास्तर त्या वेळी पाणी प्यायला जातात. फार पाणी पितात म्हणे.

बहीण मात्र एका गोष्टीने धास्तावली आहे. रोजच्या सवयीने पोराला ताल आला तर? म्हणून दर रविवारी मी त्याच्याबरोबर फिरायला जातो आणि बोलता बोलता त्याच्या पायांवर नजर ठेवतो. परवा आमची पावलं जुळल्यासारखी वाटली. मी त्याला हलकेच कोपराने ढोसलं आणि तो रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात गेला.

बाहेर आला तेव्हा सगळं ठीक होतं.