बिनआवाजाचं भांडण

सिंघल खानदानाच्या दादीजी सोमवारी सकाळी वारल्या आणि गुरुवार उजाडला तरी त्यांना कुणी उचललं नव्हतं. आपल्याकडे माणूस गेलं की लगेच कुणीतरी बांबू आणायला धावतं. हिंदी मालिकेत तसं चालत नाही. आधी थोरल्या सुनेचा चेहरा तीनदा दाखवायचा, मग धाकटीचा, मग लंडनहून आलेल्या नातवाचा. मग दारात एक अनोळखी बाई येऊन उभी राहणार आणि तिला बघून सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून दचकायचं. तोवर दादीजींनी फुलांच्या हाराखाली पडून राहायचं.

मी त्या खानदानातली एक मौसी. मला नाव नाही, संवाद नाही. मागे बसून दुःख करायचं एवढंच काम. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर मी घरातले सगळे डबे घासले, सगळे माळे आवरले आणि मग आत्मारामला, म्हणजे नवऱ्याला आवरायला घेतलं. तेव्हा त्यानेच हात जोडून मला भूपेशच्या ताब्यात दिलं. भूपेश आमच्या पूनम सागर कॉलनीतलाच. मालिकांना गर्दीसाठी माणसं पुरवतो. मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाला, "आंटी, आप खाते-पीते घर की लगती हो. अमीर रिश्तेदार में परफेक्ट बैठोगी." आयुष्यभर ज्या वजनावरून बोलणी खाल्ली, त्याची पहिल्यांदा कुणाला तरी किंमत कळली.

शूटिंग भाईंदरपलीकडच्या, समुद्रकाठच्या डोंगरी गावातल्या एका बंगल्यात. भाईंदरहून बसने जायचं. आत झुंबरं, संगमरवर, गणपतीएवढी मोठी फुलदाणी. बाहेर वाळत घातलेल्या बोंबलांवरून वारा आला की शुद्ध शाकाहारी सिंघलांच्या घरात चार उदबत्त्या जास्त लागायच्या. बायकांच्या अंगावरचे हिरे सगळे काचेचे. खरं सोनं एकट्या सरूबाईच्या गळ्यात. ती शेजारच्याच तारोडी गावची कोळीण, माझ्यासारखीच एक मौसी. मयतीच्या सीनला दागिने काढा म्हणून सांगितलं तर तिने पदर घट्ट आवळला. "मी न्हाय काढायची. मेली ती यांची म्हातारी. माझा नवरा जित्ता हाय." शेवटी तिला खांबाआड बसवली.

तर सोमवारी मी पांढरी साडी नेसून कपड्यांच्या खोलीतून बाहेर आले आणि समोर तसलीच पांढरी साडी नेसून कोण उभं? नीलम. माझी धाकटी जाऊ. भाईंदरला राहते, भूपेशने तिलाही तिथूनच उचललं होतं. आम्ही दोघींनी एकदम मान फिरवली. इतकी एकदम की कुणाला वाटावं तालीम केली आहे.

आमचा चार वर्षांचा अबोला. लोक अबोल्याला भांडण समजतात. भांडण परवडलं, त्यात निदान बोलावं तरी लागतं. आमच्या सासूबाई शेवटच्या आजारात नीलमकडे होत्या, कारण तिचं घर तळमजल्यावर. मी रोज ऑफिसमधून तिकडे जाऊन यायची. नेमकं मला ऑफिसने ट्रेनिंगला नागपूरला पाठवलं आणि त्याच आठवड्यात त्या गेल्या. तेराव्याला पंगत बसलेली असताना नीलम सगळ्यांसमोर म्हणाली, "शेवटचं पाणी माझ्याच हातचं. थोरल्यांना रजा मिळाली नाही." माझ्या हातातली वाढायची परात मी तिथेच खाली ठेवली आणि निघाले. तेव्हापासून नाही बोलले. का बोलावं?

आता अडलं होतं ते रसिकावरून. माझ्या मुलीचा येत्या रविवारी साखरपुडा. आणि तिचं एकच टुमणं, काकू पाहिजे. मी ऑफिसला जायची तेव्हा तिला शाळेतून आणणारी, तिच्या वेण्या घालणारी, तापात उशाशी बसणारी नीलम. "काकू नसेल तर साखरपुडा नको," रसिकाने सांगून टाकलं. "आम्ही कोर्टात जाऊन सह्या करू. तुम्ही घरी बसून मालिका बघा." मुलगी माझीच आहे, बोलली की करते. आत्माराम बिचारा नारळ घेऊन भाईंदरला जाऊन आला. नीलमने चहा दिला, खायला दिलं आणि निरोप दिला, "वहिनींनी तोंडाने बोलवावं. पळत येईन. पण तोंडाने."

आमच्याकडे रीतच आहे तशी, घरच्या माणसाला घरच्या बाईनेच बोलवायचं. पण चूक तिची आणि तोंड मी उघडायचं? मी म्हटलं, आधी ती बोलेल. आणि अशी आम्ही दोघी हटून बसलेलो असताना त्या बयेला माझ्याच मालिकेत मरायला, म्हणजे मेलेल्यासाठी रडायला यायचं होतं.

दिशा नावाची एक चुणचुणीत पोरगी तिथे सगळ्यांना जागा वाटून द्यायची. तिने आमच्याकडे पाहिलं आणि टाळी वाजवली. "अरे, आप दोनों तो सगी बहनें लगती हो! इधर आओ, दादीजी के सिरहाने. एक-दूसरे का हाथ पकड़ो."

"मैं उधर बैठती हूँ," मी म्हटलं.

"मेरे को भी उधर ही," नीलम म्हणाली. माझ्याशी नव्हे, दिशाशी.

"आंटी प्लीज़!" म्हणत दिशाने माझा हात उचलून नीलमच्या हातात ठेवला आणि कॅमेरा सुरू झाला. एकदा कॅमेऱ्यात आलात की संपलं. याला ते लोक कंटिन्यूटी म्हणतात. सीन संपेपर्यंत तीच जागा, तीच साडी, तोच हात. नाहीतर बघणाऱ्याला वाटेल, मौसी क्षणात कुठे उडाली? म्हणजे दादीजींना उचलेपर्यंत नीलमचा हात माझ्या हातात. तिच्या हाताला घाम येतो, पहिल्यापासून येतो.

वर आणखी फर्मान आलं, "पीछे वाले, आपस में बात करो, म्यूट में. सांत्वना दो." म्हणजे ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. पुढे मोठी सून संवाद म्हणत असते, तिच्यामागे माणसं जिवंत दिसायला हवीत. नवख्या बायका अशा वेळी पाढे म्हणतात. मी एकोणतीसचा पाढा धरला. नीलमही काहीतरी पुटपुटत होती. सोमवार त्यातच गेला.

मंगळवारी माझा पाढा चुकला, कारण माझी नजर नीलमच्या ओठांवर गेली. ती म्हणत होती, "ही थोरली सून मयतीला लाली लावून आलीय. हिच्या सासूने हिला काही शिकवलंच नाही."

मला शब्दन् शब्द कळला. कळणारच. गिरगावात आमची दीड खोली होती. दुपारी सासूबाई मधोमध झोपायच्या आणि त्यांची झोप अशी की चमचा वाजला तरी उठून चहा मागायच्या. आम्ही दोघी नव्या सुना. मी ओट्याशी, ती मोरीपाशी. बोलल्याशिवाय राहवायचं नाही आणि आवाज करायची सोय नाही. मग ओठांवरच बोलायला शिकलो. नवऱ्यांच्या तक्रारी, माहेरच्या आठवणी आणि खुद्द सासूबाईंच्या चुगल्या त्यांच्याच उशाशी बसून केल्या. किती तरी दुपारी हसू दाबताना तोंडात पदर कोंबलाय.

आवाज काढला नाही तर अबोला मोडत नाही, असं मी स्वतःपुरतं ठरवलं. वकिलाला विचारलं तर तोही हेच सांगेल. मी ओठ हलवले, "तुला कुणी शिकवलं? तेराव्याच्या पंगतीत बोलायला?"

तिचा हात एकदम ताठ झाला. आणि मग सुटलंच. बुधवारचा अख्खा दिवस आम्ही भांडलो. चार वर्षांचं साठलेलं, तेही कुणी ऐकणार नाही या खात्रीने. मी तिचं माहेर काढलं, तिने माझं ऑफिस काढलं. "तुम्हाला घरापेक्षा खुर्ची प्यारी." "आणि तुला सेवेपेक्षा मिरवणं प्यारं." आवाज नसल्यामुळे दुसरीचं बोलणं संपायची वाट बघावी लागत नव्हती, त्यामुळे काम झपाट्याने होत होतं. डोळ्यांत पाणी आलं ते खरं आलं. दिग्दर्शक पडद्यामागून ओरडला, "वो पीछे दो औरतें कौन हैं? क्या दुख है यार! कैमरा उन पे ले लो!" थोरल्या सुनेने आमच्याकडे असं पाहिलं की आमच्यासाठीही दोन हार मागवावे लागतील असं वाटलं.

गुरुवारी मात्र दोघी थकलो होतो. नवीन शिव्या सुचत नव्हत्या. नीलम बराच वेळ दादीजींच्या पायांकडे बघत बसली. मग तिने ओठ हलवले, हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसे.

"शेवटचे दोन दिवस आई मला ओळखत नव्हत्या. मला वासंती म्हणायच्या. वासंती, पाणी दे. वासंती, उशी सरळ कर."

तिचे ओठ नीट दिसावेत म्हणून मी थोडी पुढे वाकले.

"सगळं मी केलं, वहिनी. आणि हाक तुमच्या नावाची. मी आपली ओ देत होते. पाणी पाजलं तेव्हाही म्हणाल्या, वासंती, सुखी राहा. तो आशीर्वादसुद्धा तुम्हालाच गेला. मग तेराव्याला माझ्याने राहवलं नाही. वाटलं, निदान एकदा तरी लोकांसमोर माझं नाव येऊ दे."

चार वर्षं मी समजत होते की शेवटच्या घटकेला मी तिथे नव्हते. या बाईने मला तिथे नेऊन बसवलं होतं आणि वर माझ्या नावाने ओ दिली होती. मला इतका राग आला, इतका राग आला, आणि तो नेमका कुणाचा हे कळेना. आधी सांगायला काय झालं होतं तिला? पण सांगणार कशी, मी बोलत कुठे होते?

मी ओठांनीच म्हटलं, "रविवारी रसिकाचा साखरपुडा आहे. तू ये."

नीलमने मान हलवली. "असं नाही. तोंडाने."

"हे तोंडच आहे ना?"

"आवाजाने," ती म्हणाली आणि चक्क तोंड फिरवून बसली. कंटिन्यूटी गेली खड्ड्यात.

तेवढ्यात पुढे थोरल्या सुनेचा मोठा सीन सुरू झाला. सगळीकडे शांतता. ती दादीजींच्या पायाशी कोसळून म्हणत होती, "माँजी, आप हमें छोड़कर नहीं जा सकतीं! इस घर को अब कौन जोड़ेगा?" आणि मी, विमा कंपनीत पस्तीस वर्षं कधी वरच्या आवाजात न बोललेली बाई, दादीजींच्या उशाशी बसून ओरडले.

"नीलम, रविवारी साखरपुडा आहे! तू यायचंच आहेस! तू आली नाहीस तर मीही जाणार नाही, मग पोरीने काय करायचं ते करू दे!"

"कट!" दिग्दर्शक किंचाळला. "कट कट कट! कौन है ये औरत?" दिशाने कपाळाला हात लावला. थोरली सून पायांवरची उठून उभी राहिली आणि आपल्या हाताखालच्या माणसाकडे पाणी मागू लागली. सरूबाई खांबाआडून मान बाहेर काढून बघत होती. "काय जालं? कोन मेलं आजून?"

कुणी काही सांगायच्या आत हाराखालून आवाज आला. दादीजींची भूमिका करणाऱ्या ममताजी, मोठ्या मुरलेल्या नटी. चार दिवस आमच्या दोघींच्या मध्ये डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांनी आताही डोळे उघडले नाहीत.

"बेटा, इसको हाँ बोल दे," त्या नीलमला म्हणाल्या. "चार दिन से मेरे सिर पे फुसफुस-फुसफुस चल रही है. मराठी मुझे आती नहीं, पर मैं भी किसी की देवरानी हूँ. हाँ बोल, तो मैं आराम से मरूँ."

सगळे हसले. नीलम हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही उठून जाणार. इतक्या माणसांसमोर मी हरले आणि ही उठून जाणार, आणि घरी जाऊन मी रसिकाला काय तोंड दाखवू?

"किती वाजता?" नीलम म्हणाली.

ओठांनी नाही, आवाजाने. आणि तो आवाज मला ओळखू येईना. चार वर्षांत तो जाड झाला होता, शेवटी थोडा कापत होता, म्हाताऱ्या बाईचा असावा तसा. चार दिवस हिच्या ओठांवरून मी शब्द वाचत होते आणि डोक्यात ऐकत होते तो मोरीपाशी बसलेल्या नव्या नवरीचा आवाज. हा असा कधी झाला? माझ्या मागे म्हातारा झाला, मला न कळवता, आणि ते ऐकायला मी नव्हते.

दिशा हात जोडून म्हणत होती, "आंटी, रोल करना है, प्लीज़." मी नीलमचा घामेजलेला हात घट्ट धरला.

"पाच वाजता," मी म्हणाले. "पण तू सकाळीच ये."