लाल रेघेचा वळसा

ते १९९८ साल. आदल्या वर्षी असा दुष्काळ पडला होता की नदीत भांडं बुडेना, अळकुड्या मातीतच सुकल्या आणि माणसं रानातले कडू कंद उकडून खात होती. ते दुष्काळाचं साल विसरायची सोयच नाही. त्याच दुष्काळात काविलीची थोरली लेक तापानं गेली.

न्यू ब्रिटन बेटावरच्या आमच्या वालुपा गावात जमीन आईकडून लेकीकडे जाते. भाऊ फक्त बहिणीच्या वतीनं चार लोकांत बोलतो. नदीच्या वळणावरची जमीन काविलीची. पुढं ती थोरलीची व्हायची होती. थोरलीला पुरलंही तिथंच, तिनं लावलेल्या नीरफणसाखाली. मग रीतीप्रमाणं जागा पाळली, म्हणजे बंद केली. भोवती वेल ताणला, त्याला लाल पानांच्या जुड्या बांधल्या. शेवटचं जेवण घालीपर्यंत तिथं कुणी पाय ठेवायचा नाही, गेलेलीचं नाव घ्यायचं नाही, आणि आईनं अळकुडी तोंडात घालायची नाही. जेवणाच्या दिवशी आईनंच त्या जुड्या सोडायच्या आणि लेकीला नावानं हाक मारायची. त्या जेवणासाठी काविली दोन डुकरं वाढवत होती. दुष्काळातही आपल्या ताटातलं रताळं तिनं त्यांना घातलं होतं.

पाऊस परतला, रानं हिरवी झाली, तेव्हा जमीन मोजायला मोरेआ आला. दूरच्या किनाऱ्याकडचा पोरगा, हसतमुख, सुपारी खाऊन ओठ लाल. त्यानं मिशनच्या देवळापुढं सगळ्यांना सांगितलं, की पलीकडचं सरकारी रान तेलाच्या ताडांसाठी कंपनीला द्यायचंय. तुमची हद्द तुम्हीच चालून दाखवा. चालाल ती रेघ नकाशावर उमटेल. रेघेच्या आतलं तुमचं. मुठीएवढं यंत्र त्यानं काविलीच्या धाकट्या भावाच्या, कोस्मासच्या गळ्यात अडकवलं.

बाया खिदळल्या. कोस्मासची बायको म्हणाली, "ते सांजच्यालाबी ऱ्हाऊ द्या त्यांच्या गळ्यात. कुठं कुठं जात्यात ते तरी मला कळंल."

पुढं काविली, मागं कोस्मास, त्यामागं गाव, अशी ती वरात निघाली. ओल्या काळ्या मातीत पाय रुतत होते. चिंचोळ्या ओढ्यापासून नदीपर्यंत सगळं बिनचूक झालं. मग वळण आलं आणि लाल पानांच्या जुड्या दिसल्या. काविली थांबली. मग ती नदी सोडून आत वळली, रानआल्याच्या दाटीतून लांबचा वळसा घालून पलीकडं निघाली. कोस्मासही तिच्या मागं गेला, त्याच्यामागं सगळे. इतका वेळ चाललेली थट्टा थांबली होती.

मोरेआनं विचारलं, "मामा, हद्द इथनं वळती का?"

"हिकडनंच जायाचं," कोस्मास म्हणाला.

परक्यासमोर गेलेल्या पोरीचा विषय कोण काढणार? आणि पाळलेल्या जागेतून कुणी चालत नाही, हे काय सांगायला लागतं?

दोन महिन्यांनी नकाशा आला. देवळाच्या ओट्यावर पसरून माणसं आपापली घरं हुडकू लागली. काविलीनं नदीचं वळण दाखवायला सांगितलं. निळी नदी होती, शेजारून लाल रेघ येत होती, आणि वळणाशी येऊन ती रेघ आदबीनं बाजूला सरकली होती. काविलीचे डोळे भरून आले. जवळ उभ्या भावाला ती हळूच म्हणाली, "बघ रं, कागदालाबी रीत कळती."

कोस्मासनं बहिणीच्या वतीनं नकाशावर अंगठा उठवला.

पुढच्या उन्हाळ्यात डुकरं जेवणाजोगी झाली. दिवसही ठरला. त्याच्या आधीच वळणावर बुलडोझर आला. काविली जुड्यांपाशी जाऊन उभी राहिली. कंपनीचा मुकादम वाईट माणूस नव्हता. त्यानं तिच्यापुढं नकाशा धरला आणि सांगितलं, की रेघ तुमच्याच पायांची आहे, ही जागा रेघेच्या बाहेर आहे. मी दोन दिवस थांबतो, त्याउपर मला थांबता येणार नाही.

कोस्मास ट्रकमागं लटकून शहरात गेला. मोरेआनं सगळं ऐकून घेतलं.

"मामा, अहो, तुम्ही तिथनं का न्हाई चाललात?"

"आरं, तिथनं कुणी चालतं का?"

"मग मला सांगायचं तरी."

"तुझी आय गेल्यावर तू सांगत सुटला असतास का, पोरा?"

मोरेआनं मोजणीच्या साहेबाचे पाय धरायचे बाकी ठेवले. पण करार होऊन गेला होता, आणि कोस्मास परतेपर्यंत वळणावर तांबडी सपाट माती होती. नीरफणस मुळासकट नदीत ढकललेला. थोरली नेमकी कुठं, ते आता कुणालाच सांगता येईना. काविली त्या मातीत उभी होती. भावाला ती एवढंच म्हणाली, "आता जुड्या कुठल्या सोडू?"

जागा नाही तर जेवणही नाही. काविलीनं पुन्हा कधी अळकुडी खाल्ली नाही, की पोरीचं नाव घेतलं नाही. ती डुकरं म्हातारी झाली.

मोरेआनं मोजणीचं काम सोडलं. एका नाताळला तांदळाची गोणी घेऊन आला, ओट्यावर बसून राहिला आणि गेला. कोस्मास कंपनीतच ताडाचे घड वाहायला लागला आणि खोकल्यानं गेला. त्याच्या दिवसाला ती डुकरं कापली. गाव शहाणं झालं. मोजणीवाला आला की आता लोक पाळलेल्या जागेतूनच सरळ चालत जातात, खाली बघत.

काविली खूप जगली. शेवटच्या वर्षात तिच्या धाकट्या बहिणीची लेक देल्फिना शहरातून फोन घेऊन आली. त्यात आभाळातून काढलेलं सगळं बेट दिसायचं. तिनं नदी शोधली, वळण शोधलं, मोठं करून म्हातारीपुढं धरलं. ताडांच्या रांगाच रांगा, एकासारखी एक.

"मावशी, ह्ये बघ, ती जागा हितं आसंल."

काविलीनं लेकीच्या केसांवरून फिरवावा तसा त्या हिरव्यावर हात फिरवला. तिच्या बोटाखालून चित्र सरकलं, वळण निघून गेलं, आणि पडद्यावर नुसता समुद्र आला.