मी 'सिमर', शेगडीवाल्याच्या घरचा

मी 'सिमर' बोलतोय. इंग्रजीतलं एक क्रियापद. 'बॉइल' माझा थोरला भाऊ, धडाधड उकळून झाकण उडवणारा. माझं काम निराळं. उकळी आली की आच उतरवायची आणि कडेला एखाददुसरा बुडबुडा वर येईल एवढीच राखायची. मराठी घरांत शिरलो तेव्हा लोकांनी माझी शेपटी छाटली. 'गॅस सिम कर' म्हणू लागले. चालायचंच! गिऱ्हाईक ज्या नावाने हाक मारेल, त्या नावाने ओ द्यावी.

माझं नाव सगळ्यांत जास्त घेतलं एका शेगडीवाल्याने. "ताई, आमच्या शेगडीचं सिम म्हणजे लोणी!" असं तो दुकानात येईल त्याला सांगे. घरी मात्र त्याने कधी चहासुद्धा केला नव्हता.

मग त्याची बायको घसरून पडली. उजवा हात प्लास्टरमध्ये. दुखण्याने तिची अन्नावरची वासनाच उडाली. बाहेरून आणलेलं जेमतेम चाखून ताट सारायची. खंगत चालली.

"आज मसुराचं सूप मीच करणार," शेगडीवाला म्हणाला.

लेक हसली. "बाबा, शेगडी विकणं वेगळं."

"शेगडी माझी, बायको माझी. तू हो बाजूला."

उकळी येताच त्याने बटण मागे फिरवलं. शेगडी विझली.

"अहो, मागे नाही, पुढे! मोठ्या आचेच्या पुढे सिम असतं," बायको खुर्चीतून ओरडली. "इतक्या विकल्यात ना?"

पुन्हा पेटवलं, सिम केलं आणि हा फोनवर गप्पा मारत बाहेर गेला. सिम म्हणजे 'आता बघायला नको', असाच पुष्कळांचा समज. मसूर तळाला लागून करपला.

"मागवू का बाहेरून?" लेकीने विचारलं.

"नाही म्हटलं ना!"

त्याने भांडं घासलं, नव्याने चढवलं आणि स्टूल ओढून समोरच बसला. बुडबुडे वाढले की आच कमी, थांबले की किंचित जास्त. मधूनमधून तळापासून ढवळणं. दुकानातून फोन आला, तर म्हणाला, "गिऱ्हाइकाला उद्या बोलव." त्या दिवशी मी त्याला कळलो.

त्याने पहिला चमचा तिला भरवला. बाप-लेक तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "वाढा अजून."

हल्ली मी त्या घरी रोज कामाला असतो. तुमच्याकडेही येईन. पण घाई असेल तर मला बोलावूच नका. बोलावलंत, तर जागचं हलू नका.