मासळीची शेगडी

आमच्या घरात दोन शेगड्या आहेत. एक स्वयंपाकघरात, ती माझ्या सासूबाईंची. दुसरी मागच्या अंगणात पत्र्याखाली, ती माझी. दुसरी म्हणजे साधीसुधी नव्हे. तिला तीन लांबलचक बर्नर, वर लोखंडी जाळी, त्यावर मोठं झाकण, खाली तेल गळायला ट्रे, आणि त्याच्याही खाली सिलिंडर ठेवायला कप्पा. माझ्या नवऱ्याच्या, दिग्विजयच्या, कंपनीतले एक साहेब बदली होऊन गेले, तेव्हा जाताना त्यांनी ती देऊन टाकली आणि दिग्विजयने टेम्पोत घालून आमच्या गावी सालवडला आणली. साहेबांकडे तिला बार्बेक्यू म्हणत. आमच्या गल्लीत ती मासळीची शेगडी झाली.

तिची गरज का पडली, ते सांगायला हवं. मी किनाऱ्यावरच्या एडवणची. माझ्या वडिलांची, कृष्णकांतांची, स्वतःची बोट आहे. लग्न मात्र केलं आटपाडीकडच्या दिग्विजयशी, तो इथे तारापूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्याची आई सोजराबाई, मी त्यांना आत्या म्हणते, त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. आत्यांनी मला मासे करू नकोस असं एकदाही म्हटलेलं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर ऐकणारे लगेच सासूला सुळावर चढवतात. पण लग्नानंतर मी एकदा हौसेने बोंबील तळले, तेव्हा त्या पुढच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि दिवसभर ताकावर राहिल्या. बोलल्या काही नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले असते. न बोलणाऱ्या बाईशी काय भांडणार? त्यानंतर मीच घरात मासा आणला नाही.

इकडे बाबांची वेगळीच तऱ्हा. लग्नाचं जेवण शाकाहारी होतं, ते त्यांच्या इतकं जिव्हारी लागलं की मांडवातच चार लोकांत बोलून बसले, ज्या घरात मासा शिजत नाय त्या घरात मी जेवायचा नाय. माणूस रागात बोलतो आणि मग जन्मभर त्या शब्दाची राखण करत बसतो. आई येते, पुरणपोळी खाते, वर डबा भरून नेते. बाबा येतात ते ओट्यावर बसतात, चहा घेतात, आणि ताटं मांडायची वेळ झाली की त्यांना बोटीवरचं काहीतरी काम आठवतं. सहा वर्षं हेच चाललं होतं. आपल्या बापाला आपल्या घरात दोन घास वाढता येऊ नयेत याचं मला फार वाईट वाटायचं. लोकांसमोर मी त्याची थट्टा करायचे, पण ते गेले की त्यांचा रिकामा कप बराच वेळ धुवायचेच नाही.

म्हणून ही शेगडी. आत्यांचं स्वयंपाकघर आत्यांना, अंगण मला. भाद्रपदात एकदा तिच्यावर बांगडे भाजून पाहिले. तिन्ही बर्नर निळेशार पेटले, बांगडे झकास झाले. मग नवरात्र लागलं, झाकण घातलं, वर प्लॅस्टिकचं कापड बांधलं. खंडेनवमीलाच मी एडवणला गेले आणि दसऱ्याला बाबांच्या हातावर सोनं ठेवून म्हटलं, आता माझ्याकडे माशाची शेगडी आहे, आता कुठलं कारण काढता? बाबा बराच वेळ आपट्याची पानं उलटीपालटी करत राहिले. शेवटी म्हणाले, रविवारी येतो. मासे मात्र मीच आणणार, तुमच्या बोईसरच्या बाजारावर माझा भरवसा नाय. आणि संध्याकाळच्या भरतीला बोट न्यायची आहे, तेव्हा दुपारीच निघणार.

शनिवारी दिग्विजयने शेगडीची तयारी करायला घेतली. माझ्या नवऱ्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. तो घरातला बल्बसुद्धा कंपनीच्या शिस्तीत बदलतो. आधी पाहणी, मग कारण, मग उपाय, आणि सगळं मोठ्याने बोलून. त्याने कापड काढलं, जाळी उचलली आणि बर्नरांवर लाल-पिवळे डाग पाहून मान हलवली. गंज, तो म्हणाला. इथल्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, वर कारखान्यांचा धूर, मग काय होणार. हे खरंच आहे, आमच्याकडे खिडकीचे गजसुद्धा वर्षभरात रंग मागतात. म्हणून मीही फार लक्ष दिलं नाही. त्याने कंपनीतल्यासारखं गंज सोडवायचं तेल आणलं आणि तिन्ही बर्नरांवर सढळ हाताने फवारलं.

रविवारी सकाळी आम्ही शेगडी लावली. डावा बर्नर पेटलाच नाही. मधल्याची ज्योत पिवळी आणि आळशी, नुसती लोळत काजळी सोडत होती. उजवा फट् फट् करून दोनदा खोकला आणि विझला. मी रस्त्याकडे बघितलं, बाबा येतच असतील. दिग्विजयच्या चेहऱ्यावर मात्र तेज आलं, कारण बिघाड म्हणजे त्याचा प्रांत.

आधी त्याने सिलिंडरवर संशय घेतला. स्वयंपाकघरात जाऊन आत्यांचा चालू सिलिंडर काढून आणला, आत्यांची भाकरी तव्यावर अर्धी राहिली. तो बाहेर जोडला तरी ज्योत पिवळीच. बाहेरचा आत जोडला, तर आत्यांचा गॅस निळा. म्हणजे सिलिंडर निर्दोष सुटला. मग रेग्युलेटर काढून पुन्हा बसवला, आधी मुख्य कॉक हळू उघडायचा आणि मग बर्नरचा, असं मला समजावलं. काही फरक नाही. मग वाटीत साबणाचा फेस करून ब्रशने नळीवर फासला, गळती असेल तर बुडबुडे येतील म्हणून. ती नळी त्याने इतक्या निगुतीने रंगवली की मला वाटलं आता तिला टॉवेलही गुंडाळेल. एकही बुडबुडा नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

तेवढ्यात बाबा आले. मोटरसायकलच्या मागे बर्फाची पेटी, पेटीत पापलेटं आणि सुरमई, सकाळी किनाऱ्याला लागलेली. त्यांनी पेटी अंगणात ठेवली, नळीवर सुकत चाललेला फेस बघितला, जावयाकडे बघितलं, आणि पत्र्याखाली खुर्ची ओढून बसले. दिग्विजय त्यांना रेग्युलेटरमध्ये दाब कसा कमी होतो ते सांगू लागला. बाबा हं हं करत होते आणि मधूनमधून उन्हाकडे बघत होते. ती नजर मी लहानपणापासून ओळखते. समुद्राची वेळ बघतात ते. अजून थोडा उशीर झाला की उठतील, मासे ठेव म्हणतील, आणि पुन्हा चहावर जातील. एकदा असे परत गेले की पुढच्या वेळी त्यांना बोलवायला शेगडीचंही कारण उरणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी म्हटलं, बर्नर काढा. दिग्विजय म्हणाला, मशीन उघडायचं ते सगळ्यात शेवटी, बाहेरच्या तपासण्या पूर्ण झाल्यावर. मी म्हटलं, तोवर पापलेटं पेन्शनीत निघतील. आणि मग मी त्याला विचारणंच सोडलं. गॅस बंद केला, सिलिंडर सोडवला, पदर खोचला आणि खाली बसले. ट्रेमध्ये बांगड्यांचं तेल थिजून बसलं होतं, ते खरवडून वर्तमानपत्रावर काढलं. जाळी तारेच्या काथ्याने घासली. मग पकडीने बर्नरांच्या मागच्या पिना ओढल्या आणि डावा बर्नर उचलून उभा धरला. खुळखुळा वाजल्यासारखा आवाज आला.

वर्तमानपत्रावर तांदूळ पडले. लाल तांदूळ. त्यांच्या मागोमाग झेंडूच्या दोन वाळक्या पाकळ्या. बर्नरच्या नळीच्या तोंडाशी हवा आत जायला भोक असतं, तिथून ते आत गेले होते. आणि वरची ज्योतीची बारीक छिद्रं लालसर पिवळ्या चिखलाने गच्च बसली होती. मी पिनेने थोडा चिखल उकरला, बोटांनी चोळला. गंज कुठला आला, हळद-कुंकू होतं ते, ओल्या बोटाने प्रत्येक बर्नरवर ओळीने लावलेलं. त्यावर माझ्या नवऱ्याने आदल्या दिवशी तेल मारून त्याचा लगदा केला होता.

दिग्विजय वाकला, पाहिलं आणि म्हणाला की उंदरांनी साठा केला असणार. मी त्याला सांगितलं की आटपाडीचे उंदीर करत असतील कदाचित, आमच्याकडचे तांदळाला कुंकू लावून ठेवत नाहीत.

तेव्हा मागच्या दारात हालचाल झाली. आत्या उभ्या होत्या, दोन्ही हातांना पीठ. त्यांनी वर्तमानपत्राकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. या अंगणात, या शेगडीपाशी, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बांगड्यांच्या दिवशी तर त्यांनी इकडची खिडकीसुद्धा लावून घेतली होती.

"म्या केलंय त्ये," आत्या म्हणाल्या. "खंडेनवमीला तू म्हायेरी, ह्यो कंपनीत. म्या समद्या यंत्रांची पूजा केली. मिक्सर झाला, पंप झाला, गाडी झाली. मग ही एकटीच र्‍हायली. सणाच्या दिशी हिलाच कशी वगळायची?"

दिग्विजयच्या पाहणीत, कारणात आणि उपायात त्याची आई कुठेच नव्हती. माळकरी बाई, मासा नुसता दिसला तरी पदर नाकाला लावणारी, घरात कोणी नसताना एकटी इथे आली होती. कापड सोडलं होतं, जाळी उचलली होती, तिन्ही बर्नरांना बोटं टेकवली होती, अक्षता वाहिल्या होत्या. फुलं नंतर उचलून सगळं होतं तसं झाकून ठेवलं होतं. आणि आम्हाला कळू दिलं नव्हतं.

बाबा खुर्चीत पुढे सरकले होते. त्यांनी हळूच विचारलं, "विहीणबाई, माशाच्या शेगडीला हात जोडले तुमी?"

"जोडलं की," आत्या म्हणाल्या. "मासा काय मला चालत न्हाई. पर सुनंचं म्हायेर हाय त्यात."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. मग ते एकदम आपल्या बोटीच्या इंजिनाबद्दल सांगू लागले. नारळी पुनवेला आमची आई इंजिनावर अक्षता टाकते त्या कुठे कुठे शिरतात, भर समुद्रात ते कसं बंद पडतं, आणि तरी पुढच्या वर्षी ती पुन्हा टाकतेच, तिला कोण अडवणार. आमचं इंजिन अक्षतांनी कधी बंद पडलेलं मला तरी आठवत नाही. पण आत्यांचा चेहरा सैल झाला, त्या हसल्या, आणि बाबांना तेवढंच हवं होतं.

मग आम्ही कामाला लागलो. गरम पाण्यात सर्फ घालून बर्नर बुडवले. दिग्विजय एकेक छिद्र पिनेने मोकळं करू लागला, शिस्तीत, डावीकडून उजवीकडे, आता कारण सापडलेलं असल्यामुळे अर्ध्या आवाजात बोलत. मी नळ्यांतून पाण्याची धार सोडत होते. प्रत्येक नळीतून तांदूळ निघाले, आत्यांनी कुठेही हात आखडता घेतला नव्हता. धुऊन झालेले बर्नर उन्हात उभे केले, कारण आतून पूर्ण वाळल्याशिवाय पेटवणं बरं नाही. आणि बाबांनी पुन्हा उन्हाकडे बघितलं.

मी पटकन म्हटलं, बाबा, थोडाच वेळ.

आत्या अजून दारातच होत्या. "पाव्हणं," त्या म्हणाल्या, "त्ये वाळंस्तवर उपाशी बसू नगा. वांगं हाय, शेंगाची चटणी हाय. भाकरी गरम हाय."

मला त्यांना थांबवायचं होतं. बाबा नाही म्हणतील, आणि आत्यांना दुसऱ्यांदा वाईट वाटेल. बाबा खुर्चीवरून उठले. मला वाटलं, निघाले. ते नळापाशी गेले, कोपरापर्यंत हात धुतले, पायांवर पाणी घेतलं, माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंड पुसलं आणि मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात शिरले.

मी अंगणातच राहिले. आत पाट सरकवल्याचा आवाज आला, मग ताट ठेवल्याचा. मी नळ सोडला आणि उगाचच धुतलेली जाळी पुन्हा धुवायला घेतली. माझे डोळे वाहत होते आणि दिग्विजय बर्नर पुसता पुसता मला विचारत होता की साबण गेला का डोळ्यात. हो म्हटलं.

डोळे कोरडे झाल्यावर आत गेले. बाबा मांडी घालून बसले होते, भाकरीचा पापुद्रा उलगडून त्यात वांगं भरत होते. समोर आत्या दुसरी थापत होत्या. चटणी तिखट आहे म्हणून बाबा तक्रार करत होते आणि पुन्हा पुन्हा घेत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी तुपाची वाटी आत्यांपुढे सरकवली, तर त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, तू वाढ.

मी वाढलं. माझ्या घरात, माझ्या हाताने.

तिसरी भाकरी चालू असताना मागून दिग्विजयची आरोळी आली. मग तो स्वतःच दारात आला, नाकाला काजळी, हातात पकड. तिन्ही बर्नर लागले, तो म्हणाला, एकदम निळे, एकसारखे, मामा, येऊन बघाच.

बाबांनी मान वर केली नाही.

"पेटली ना, पेटू दे तिला," ते म्हणाले. "आमी जेवतोय."