एउदोरोच्या नाकावरचा डाग

दातांचा दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली, तरी निकानोरची वाकून बघायची खोड काही गेली नव्हती. आता तोंडं नाहीत, तर बेसबॉलची जुनी कार्डं! बार्किसिमेतो शहरातल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात, खिडकीशी टेबल ओढून, दवाखान्यातला दिवा डोक्याला बांधून आणि डोळ्याला भिंग लावून हा गृहस्थ सकाळपासून एकाच कार्डावर झुकून बसला होता.

"आ करायला सांग त्याला," गॅसपाशी मक्याच्या जाड भाकरीसारखा आरेपा भाजत उबाल्दिना म्हणाली. "म्हणजे अक्कलदाढ पण बघून होईल."

"ताई, हलवू नकोस टेबल."

"मी इथे, टेबल तिथे. कशाने हलवू, फुंकरीने?"

कार्डावर त्यांचे वडील होते. एउदोरो, डावखुरा पिचर. शहराच्या संघाकडून एकच हंगाम खेळला, आणि दुसरा सुरू व्हायच्या आत ट्रक उलटून गेला बिचारा. उबाल्दिना तेव्हा नऊ वर्षांची होती आणि निकानोर अडीच.

दुपारी उबाल्दिनाची मुलगी कोरोमोतो हे कार्ड मायामीला घेऊन जाणार होती. तिथले तपासनीस त्याला दहापैकी नंबर देणार आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करणार. वालेन्सियातल्या एका संग्राहकाकडे हेच कार्ड होतं, पाच नंबर मिळालेलं, आणि तो लेकाचा ते सगळ्यांना दाखवत फिरायचा. निकानोरला सहा हवा होता. सात मिळाला तर मग बघायलाच नको! जन्मभर लोकांनी त्याला "कोण एउदोरो?" असंच विचारलं होतं. एकदा तरी बापाला कुणाच्या तरी वरचा नंबर मिळावा, एवढीच त्याची आस होती.

आणि आशा ठेवण्यासारखं कार्ड होतंच. या देशातल्या पोरांनी झाडून सगळी कार्डं अल्बममध्ये पिठाच्या खळीने चिकटवली. पुढे मोठेपणी शहाणपण सुचून ती उचकटली, तेव्हा एकेकाची पाठ सोललेल्या गुडघ्यासारखी निघाली. याची पाठ मात्र कोरी करकरीत. आईने ते कधी चिकटवूच दिलं नव्हतं. निकानोरने काळ्या कापडावर ठेवून चारही कोपरे पाहिले, एकच जरासा पांढुरका. पट्टी लावून दोन्हीकडची किनार मोजली, जवळजवळ सारखी. मग त्याने कार्ड उजेडात तिरपं धरलं आणि त्याच्या तोंडून शिवीच बाहेर पडली.

"काय झालं रे?"

"डाग! बरोबर नाकावर! सगळं चकचकीत आणि नेमकं नाक मळकट. तेलकट बोटं लावलीत कुणीतरी. एकदा नाही, शंभरदा लावलीत. कुठल्या गाढवाने केलं हे?"

उबाल्दिना गॅसची ज्योत कमीजास्त करत राहिली. ती गप्प बसली की काहीतरी पाणी मुरतंय, हे निकानोरला लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्याचं लक्ष डागाकडे. त्याने कापसाचा बोळा काडीला गुंडाळला, थेंबभर पाण्यात बुडवला. पुसलेलं कार्ड तपासनिसांच्या लक्षात आलं तर ते नंबरच देत नाहीत, हे त्याला पुरेपूर माहीत होतं. पण लक्षात येईल तेव्हा ना! चाळीस वर्षं लोकांचे दात पुसलेला हात होता तो.

"निका, खबरदार!" उबाल्दिना झारा घेऊनच आली. "ते गाढव तूच होतास."

"मी?"

"तू. रोज सकाळी हातभर लोणी माखायचास, आणि बाहेर निघताना आई तुला उचलून हे कार्ड ठेवलेल्या फळीपाशी न्यायची. बाबांच्या नाकावर बोट ठेवून ओरडायचास, 'बाबा, आशीर्वाद!' त्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाहीस."

निकानोरने काडी खाली ठेवली. त्याचा चेहरा एकदम उजळला. "आणि ते द्यायचे! आठवतंय मला. जाडा, घुमणारा आवाज. 'देव तुझं भलं करो, बाळा.' अडीच वर्षांच्या पोराला काय आठवणार म्हणून सगळे हसतात, पण बाबांचा आवाज माझ्या कानात आहे, ताई. तेवढाच आहे माझ्याकडे."

उबाल्दिना पाठ करून गॅसकडे वळली आणि भाजून झालेला आरेपा उगाचच उलटू लागली.

"ताई."

"करपतोय."

"ताई, इकडे बघ. कार्डाला आशीर्वाद मागत होतो, म्हणजे बाबा तेव्हा नव्हतेच. मग बोलायचं कोण?"

"मेलं माझं तोंड!" तिने झारा आपटला. "इतकी वर्षं सांभाळलं आणि आज सटकलं. आई बोलायची, निका. मला तुझ्यापाशी उभं करून ती आत स्वयंपाकघरात जायची आणि रिकाम्या पातेल्यात तोंड घालून बोलायची. तू उत्तराची वाट बघत उभा राहायचास रे, हलायचाच नाहीस. काय करणार होती ती?"

निकानोरने डोक्यावरचा दिवा बंद केला. मग त्याने विचारलं, "बाबांचा आवाज खरा कसा होता?"

"पिल्लासारखा चिरका. मैदानावर ओरडले की दोन्ही संघ हसायचे."

तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला भिंग काढून डोळे पुसावे लागले. जन्मभर बापाचा म्हणून जपलेला आवाज आईचा निघाला होता. तिचा आवाज आपल्या कानात उरलाच नाही असं वाटायचं त्याला. ती नेहमी इतकी हळू बोलायची.

बाहेर कोरोमोतोने हॉर्न वाजवला.

"पुसणार आहेस का ते?" उबाल्दिनाने विचारलं.

"नाही. देऊ देत काय नंबर द्यायचा तो."

डबीत बंद झाल्यावर कार्डाला पुन्हा कुणाचा हात लागणार नव्हता. निकानोरने ताटलीतल्या लोण्यात बोट बुडवलं. उबाल्दिना "अरे, अरे" म्हणेपर्यंत त्याने ते बापाच्या नाकावर टेकवलंसुद्धा.

"आई, आशीर्वाद," तो म्हणाला.

आणि थांबून राहिला. पुन्हा हॉर्न वाजला, तरी हलेना. तेव्हा उबाल्दिनाने हाताला लागलं ते पातेलं उचललं, त्यात तोंड घातलं आणि जमेल तितका जाड आवाज काढून त्याला उत्तर दिलं.