रॉटरडॅमला गेलेले तागे

लालबागच्या त्या गाळ्यात पंखा एकच, आणि तोही नेमका कोंडीरामच्या खुर्चीवर. कुशाबाला हे दिवसातून दहा वेळा खुपायचं.

खुपणारच हो! संपाआधी हा कोंडीराम परळच्या गिरणीत कुशाबाचा बदली होता. कुशाबा गावाला गेला की त्याच्या साच्यांवर, म्हणजे मागांवर, उभा राहायचा. तुटलेला धागा कसा जोडायचा, तेही कुशाबानेच शिकवलेलं. संपात दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. मग एका एक्स्पोर्टवाल्या शेठने या बदलीला कापड तपासणारा चेकर केलं, आणि त्याच्याच शिफारशीवर त्याचा वस्ताद कुशाबा आला तो कुठे, तर तागे उचलायला! दुसऱ्या कुणी उपकार मानले असते. कुशाबाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

जीन्सचं कापड बोटीने रॉटरडॅमला जायचं. कोंडीरामच्या सहीशिवाय एक तागा हलत नसे.

एका सोमवारी नव्या मिलचे चाळीस तागे आले. ऑर्डर होती ऐंशी टक्के कापूस, वीस टक्के पॉलिएस्टर अशी. कोंडीरामने कापड चुरगाळून पाहिलं, परत पाहिलं आणि हाक मारली, "कुशादा, जरा हात लाव ना. मला काय समजत नाय."

कुशाबाने कापड चिमटीत धरलं. ते निसरडं लागलं. कोपऱ्यात जाऊन त्याने एक धागा काडीने पेटवला. कापसाची राख फुंकरीसरशी उडते. इथे टोकाला टणक काळा मणी उरला. म्हणजे निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर! तिकडच्या लॅबमध्ये हे उघडं पडणार आणि सही करणाऱ्याची खुर्ची जाणार. कुशाबाला आतून उकळ्या फुटल्या.

"एक नंबर माल आहे," तो म्हणाला. "कर सही."

कोंडीरामने पुढे एक शब्द न विचारता सही केली.

दोन महिन्यांनी सगळा माल नापास झाल्याचं पत्र आलं. शेठने कोंडीरामला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. आता आपलं नाव निघणार म्हणून कुशाबाने दोन-तीन थापा तयार ठेवल्या होत्या.

"मीच पास केला, शेठ," कोंडीराम म्हणाला. "कुणाला विचारलं नाय."

शेठने त्याला तिथल्या तिथे काढलं. जेवणाचा डबा पिशवीत टाकून तो कुशाबापाशी आला. "खुर्चीसाठी तुझं नाव सांगून आलोय, कुशादा. तुझी बोटं कधी चुकत नायत. मला माहितीय ते."

एवढं बोलून तो कुशाबाकडे बघत उभा राहिला. कुशाबा वाकून पुढचा तागा उचलायला लागला.

दुसऱ्या दिवशी कुशाबा त्या खुर्चीत बसला. पहिल्या ताग्यावर सही करताना त्याला लाज वाटली, चांगलीच वाटली. पण तिच्याही आधी मनात आलं ते हे, की मेला जाता जातासुद्धा माझ्यापेक्षा मोठा होऊन गेला! आणि कुशाबाचा पुन्हा जळफळाट सुरू झाला.