रंगुबाईचे उपवास

“पानी नका देऊ दादा, आज आईंची एकादशी हाय. निर्जळी,” असं म्हणत रतनबाईने कल्याणच्या हातातला पेला काढून घेतला आणि खिडकीत तांब्याशेजारी ठेवला.

‘कुनाची एकादशी? तुज्या बापाची?’ खाटेवरची रंगुबाई कडाडली. पण मनातल्या मनात. तोंडातून नेहमीसारखं “आं... आं...” एवढंच बाहेर पडलं.

“बघा, देवाचं नाव घ्याया लागल्या.”

कल्याणने चक्क हात जोडले. पोटच्या पोराने आपल्याला असं हात जोडलेले पाहून रंगुबाईच्या अंगाची लाहीलाही झाली.

दिवाळीआधी तिला झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ गेली. शुद्ध तेवढी लखलखीत राहिली, हीच देवाची चूक. कल्याणने तिला पाथर्डीकडच्या वस्तीवरून नगरला आणलं. तो आणि सून पंकजा, दोघंही नोकरीवर जाणारी. म्हणून आजाऱ्यांसाठी बायका पुरवणाऱ्या एका सेंटरकडून दिवसभरासाठी रतनबाई ठेवली. सुरुवातीला रतनबाई बरी वागली. मग तिच्या ध्यानात आलं की पोटात जेवढं जाईल तेवढं अंथरुणात येणार, आणि ते काढायला आपणच. तेव्हा आधी उपासाचा सोमवार निघाला, मग गुरुवार निघाला, चतुर्थी निघाली. सकाळी घोटभर दूध, कलत्या दुपारी अर्धं केळं, की दिवस पार. एकदा रंगुबाईने डाव्या हाताने पेल्यावर झडप घातली, तर पाणी सांडलं. “मी पाजत हुते, पन उपास मोडू दिला न्हाई त्यांनी, पेलाच उडवला,” असं रतनबाईने संध्याकाळी घरभर सांगितलं. तेव्हापासून तांब्या खिडकीत गेला, मेलेल्या उजव्या अंगाला.

गल्लीतल्या बायका पाया पडून जाऊ लागल्या. सुनेने मोबाईलवर सासूचा फोटो लावला. ओठांना भेगा पडल्या, लघवीला आग होऊ लागली, कमरेखाली जखम चिघळली. पण वरची चादर रोज धुतलेली असे, आणि येणारा माणूस चादरच बघत असे.

उसाच्या फडात मुकादमाने एक शिवी दिली तर कोयता खाली न ठेवता दोन परत करणारी बाई ही. आता हे सगळं तिला गिळावं लागत होतं, आणि गिळायला थुंकीही उरली नव्हती.

त्या एकादशीच्याच सकाळी पाथर्डीच्या एसटीने लंकाबाई आली. सगळं आयुष्य रंगुबाईशेजारी ऊस तोडलेली. हातात भाकरीचं फडकं.

“अगं रंगे, काय ही दशा! निस्ती हाडं ऱ्हायली की गं.”

“उपास लई कडक हायेत त्यांचे,” रतनबाई म्हणाली.

“कुनाचे?”

“आईचे, मावशी,” कल्याण कौतुकाने म्हणाला. “अंथरुणातही एक वार मोडत नाही ती.”

लंकाबाई खदाखदा हसली. “हिचे? आरं लेकरा, हिनं जलमात उपास धरला न्हाई! फडात म्या एकदा एकादशी धरली, तर म्हनली, ‘ऊस काय तुजा इठ्ठल तोडनार हाय का?’ आन् माज्या तोंडात भाकर कोंबली की!”

हसता हसता तिची नजर रंगुबाईकडे गेली. डावं बोट खिडकीकडे रोखलेलं होतं. डोळे नुसते पेटले होते.

लंकाबाईचं हसू विरलं. तिने वाकून ते ओठ पाहिले. मग चादर उचलली. वास खोलीभर पसरला, तशी कल्याणने नाकाला रुमाल लावला.

“काढ त्यो रुमाल,” लंकाबाई म्हणाली. “तुजी आय उपास धरती का न्हाई, येवढंबी तुला ठावं न्हाई व्हय रं?”

“मी वसतिगृहात होतो, मावशी. आई फडावर असायची.”

रंगुबाईने डोळे मिटले. त्या वसतिगृहासाठीच तर ती फडावर होती.

“माज्याकडं काय बघता?” रतनबाई एकदम फुटली. “दिसभर मी येकटी. उचलाया दुसरं मानूस द्या म्हनलं, दिलं का? माजी कंबर गेली. उपास हाय म्हनलं तर समद्यांला बरंच वाटलं. येकानं तरी त्यांच्या तोंडापाशी येऊन इचारलं का?”

लंकाबाई खाटेवर चढली, रंगुबाईच्या पाठीमागे बसली आणि तिला आपल्या छातीशी टेकवून बसतं केलं. कल्याण पेला आणि चमचा घेऊन पुढे आला. रंगुबाईने ओठ घट्ट मिटले.

“ठिव त्यो चमचा,” लंकाबाई म्हणाली. “पेला दे तिच्या हातात.”

डावा हात हळूहळू वर आला. अर्धं पाणी हनुवटीवरून पोलक्यात गेलं. सवयीने रतनबाई फडकं घेऊन पुढे सरली आणि जागीच थांबली. रंगुबाई थांबत थांबत, घोट घोट पीत राहिली. पेला रिकामा झाल्यावर तिने तो मुलापुढे धरला.

कल्याण तो घेऊन तांब्याकडे वळला. रंगुबाईचा हात पेल्यासाठी तसाच पुढे राहिला. खाली आला नाही.